निसर्ग चक्रीवादळाला पाच वर्षं : वाडी पुन्हा लावताना तुम्ही काय बदललंत?

पोफळवाडी
३ जून २०२५, सकाळी ७:१०

आज ३ जून. २०२०च्या या तारखेला सकाळी आमच्या वाडीत चारशे साठ पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, होती. दुपारी वारा पडला तेव्हा एकतीस उभ्या होत्या. विश्वास बसेना म्हणून मी दोनदा मोजल्या.

गाव श्रीवर्धन तालुक्यातलं, समुद्राला लागून. वाडी घराच्या मागेच, अठरा गुंठे. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि मध्येच १२०चा झोत, असं नंतर वाचलं. त्या दिवशी आम्हाला फक्त आवाज ऐकू येत होता. माड वाकतो, झावळ्या सोडून देतो आणि बहुतेक वेळा तगतो. आमच्या बावीस माडांतले पाचच गेले. पोफळ सडपातळ आणि उंच, ती मधूनच काडकन मोडते. एक मोडली की शेजारणीवर पडते. वडील ओटीवर बसून ते काडकाड ऐकत होते. यातल्या निम्म्या पोफळी त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेल्या होत्या.

वादळं आजोबांच्या काळीही येत. पण ते लोक टाळेबंदीत अडकलेले नव्हते. माझा भाऊ बायकोमुलांसह अंधेरीहून आलेला आणि गावच्या शाळेत विलगीकरणात होता. त्याचा अकरावा दिवस चालू होता. अकराच्या सुमारास शाळेचे पत्रे उडाले. तीन वर्गांतली माणसं, त्यात दोन तान्ही मुलं, भिजत देवळाच्या सभामंडपात आली. तिथेही पाणी आत येऊ लागलं. चौदा दिवस कुणी कुणाच्या घरात जायचं नाही, असं गावकीत ठरलेलं होतं. आईने दार उघडलं आणि म्हणाली, "आजार व्हायचा तर होईल, पोरं आत्ता भिजतायत." त्या रात्री आमच्या माजघरात एकवीस माणसं झोपली.

मनात सलतं ते त्यानंतरचं. एरवी घरावर झाड पडलं तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन गावांतून माणसं कोयते घेऊन येतात, न बोलावता. त्या वेळी कुणी येऊ शकलं नाही. पेणहून पत्रे आणायचे तर गाडीला पास लागे. लाकूड कापायचं मशीन आख्ख्या पंचक्रोशीत एकच होतं. वीज सव्वा महिना नव्हती आणि मोबाइलची रेंजही नव्हती, त्यामुळे मुंबईतल्या आमच्या माणसांना आम्ही जिवंत आहोत हे कळायला तीन दिवस लागले.

वाडीचं खरं मरण वादळाच्या दिवशी झालंच नाही. ते ऑक्टोबरात सुरू झालं. पोफळींच्या सावलीत वाढलेली चौदा जायफळं वादळात जवळपास शाबूत राहिली होती. डोक्यावरची सावली गेली आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यांची पानं करपली. मार्चपर्यंत नऊ वाळली. मिरीचे वेल मोडलेल्या पोफळींबरोबरच गेले. ज्या एकतीस पोफळी वाचल्या, त्यांची खोडं पश्चिमेच्या उन्हाने भाजून तडकली. वाडीत एक झाड दुसऱ्याच्या आधाराने जगतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पाहिलं ते तेव्हा.

आम्ही पुन्हा श्रीवर्धनी रोठा जातीची सुपारीच लावली, घरच्याच बियाण्याची. आधी केळी लावून सावली केली आणि मग रोपं. यंदा काही झाडांना पहिला फुलोरा आला आणि मी दिवसभर कुणाशी धड बोलू शकलो नाही.

पण आता भीतीही वाटते. पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात. सात वर्षांत पुढचं वादळ येणार नाही, असं कोण सांगेल? निसर्गनंतर अकरा महिन्यांत तौक्ते किनाऱ्यालगतून गेलंच की. यंदा तर मे महिन्यातच पाऊस कोसळला, २६ मेला मान्सून मुंबईत. म्हणून विचारतो. ज्यांनी पुन्हा वाडी लावली, त्यांनी जशीच्या तशी लावली की काही बदललं? माझं मत असं झालंय की अठरा गुंठ्यांत एकाच झाडावर घर चालवणं थांबवलं पाहिजे. पण वडिलांना ते पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढण्याएवढी माहिती माझ्याजवळ नाही.


गुहागरकर_ठाणे
३ जून २०२५, सकाळी ९:०२

वाचून गलबलून आलं. आमच्याकडे निसर्गचा फटका कमी बसला. पण तुमच्या आईने दार उघडलं, तसं माझ्या काकूनेही उघडलं होतं, म्हणून हे मनाला फार लागलं.

एक विचार मांडतो. टाळेबंदीत ठाण्याच्या खिडकीतून येऊरचे डोंगर स्वच्छ दिसायचे. खाडीवर पक्षी वाढल्यासारखे वाटायचे. दोन महिने माणूस घरात बसला तर एवढा फरक पडतो, म्हणजे ठरवलं तर हवामान बदल थांबवता येईल, नाही का?


ढगवेडी
३ जून २०२५, दुपारी १:४५

गुहागरकर, डोंगर दिसले ते खरंच. धूर आणि धूळ हवेत फार दिवस टिकत नाहीत. गाड्या थांबल्या की आठवड्याभरात हवा निवळते. कार्बन डायॉक्साइडचं तसं नाही. तो शतकानुशतकं हवेत राहतो. २०२०मध्ये जगाचं उत्सर्जन पाच-सहा टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर एका वर्षात एवढी घट झाली नव्हती. तरीही हवेतला कार्बन डायॉक्साइड त्या वर्षी वाढलाच. घंगाळात पडणारी धार थोडी बारीक झाली, तरी पाणी चढतच राहिलं.

मला यातून वेगळंच दिसतं. माणसांना घरात कोंडून, रोजगार बुडवून, चालत गावी जायला लावून एवढीशीच घट मिळाली. म्हणजे त्रास सोसून हे होणार नाही. वीज कशापासून बनते, माल कशाने वाहतो, सिमेंट-पोलाद कसं तयार होतं, ते बदलावं लागेल. हा धडा महागात पडलाय, तो चुकीचा शिकू नये एवढंच वाटतं.

पोफळवाडी, तुमच्या भीतीबद्दल. ती वाजवी आहे. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागरापेक्षा शांत मानला जायचा. गेल्या काही दशकांत त्याच्या पृष्ठभागाचं तापमान १.२ ते १.४ अंशांनी वाढलंय. चक्रीवादळाचं इंधन म्हणजे समुद्राचं गरम पाणी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, रॉक्सी मॅथ्यू कोल त्यांच्यात होते, २०२१मध्ये मांडलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. अतितीव्र वादळांची वाढ त्याहून कितीतरी जास्त, १५० टक्के.

पण यावरून "तुमच्या गावावर सात वर्षांत वादळ येईल" असं कुणीच सांगू शकत नाही. बरीच वादळं ओमानकडे किंवा गुजरातकडे वळतात. शक्यता वाढलीय, तारीख ठरलेली नाही. वडिलांशी बोलताना तेवढंच सांगा. त्याहून जास्त सांगाल आणि पुढची चार वर्षं कोरडी गेली, तर तुमच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास उडेल.


वाशिष्ठीकाठ
३ जून २०२५, रात्री १०:२०

चिपळूणहून लिहितोय. आमची तारीख २२ जुलै २०२१.

माझं बाजारपेठेत कापडाचं दुकान. २०२०चा उन्हाळा, म्हणजे लग्नसराई, टाळेबंदीत गेली. २०२१ची लग्नसराई दुसऱ्या लाटेत गेली. जूनअखेर थोडी शिथिलता आली, तेव्हा कर्ज काढून गणपतीसाठी माल भरला. तीन आठवड्यांत तो माल चिखलात. त्या दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथल्या सह्याद्रीवर पडलेलं पाणी इकडे आमच्या वाशिष्ठी नदीला, तिकडे सावित्रीला. महाडही बुडालं. महाडजवळच्या तळीये गावावर त्याच दिवशी दरड कोसळली. आमच्याकडे एका कोविड रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि श्वासाच्या यंत्रावर असलेले रुग्ण दगावले. साथ आणि पूर एकत्र आले की काय होतं, हे याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

पुरानंतर आम्ही एक गोष्ट केली, तिचा मला अभिमान आहे. नदीतला गाळ काढा, ही मागणी धरून चिपळूण बचाव समितीने डिसेंबरात साखळी उपोषण केलं. व्यापारी, रिक्षावाले, शिक्षक, सगळे आळीपाळीने बसले. मीही बसलो. त्यानंतर गाळ काढायला सुरुवात झाली. नाम फाउंडेशनची यंत्रंही आली. आता पात्र रुंद झालेलं डोळ्यांना दिसतं.

पण खरं सांगतो, गाळ दर वर्षी काढावा लागणार. वरच्या डोंगरावरची झाडं तुटतात आणि उघडी माती खाली येते. नदीला तिची जागा हवीय. पूररेषेच्या निळ्या-लाल रेषा आखल्या गेल्या तेव्हा आम्हीच व्यापारी विरोधात उभे राहिलो, कारण आख्खी बाजारपेठच त्या रेषेच्या आत येते. माझं दुकानही. जिथे आजोबांनी दुकान थाटलं तिथून मी उठू का? माझ्याकडे उत्तर नाही. मी पोटमाळा केला, विजेचा मीटर आणि संगणक वर नेला आणि जुलै-ऑगस्टात माल निम्मा ठेवतो. एवढंच जमलं.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर यातूनच. सगळा माल एका मजल्यावर ठेवू नका.


दंतवैद्य_अपर्णा
४ जून २०२५, सकाळी ८:३३

लिहू की नको असं झालं होतं, कारण पोफळवाडी यांच्या दुःखावर मीठ चोळायचं नाहीये. तरी लिहिते.

रोज तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण बघते. तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही अशी बावीस-पंचवीस वर्षांची मुलं येतात. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्येच तिला पहिल्या गटात टाकलंय. आपण टिकाऊ भविष्य म्हणतो तेव्हा त्यात खाणाऱ्याचं आयुष्यही धरायला हवं. वाडी नव्याने लावायचीच आहे, तर सुपारीच का?


पोफळवाडी
४ जून २०२५, दुपारी १२:५०

अपर्णाताई, राग मुळीच नाही. माझे सख्खे मामा याच आजाराने गेले. हे घरात कुणी बोलत नाही, मी इथे पहिल्यांदा लिहितोय.

सुपारीच का, याचं उत्तर पैशाचं आहे. सुपारी वाळवली की टिकते. शहाळं किंवा केळं तिसऱ्या दिवशी विकावंच लागतं आणि २०२०च्या एप्रिल-मेमध्ये तीच माती झाली. कलिंगडं शेतात सडली, आंबा पडेल भावाने गेला. त्या तीन महिन्यांत आमचं घर चाललं ते माळ्यावरच्या आदल्या वर्षीच्या सुपारीवर. आणीबाणीला उपयोगी पडणारं पीक सोडायला छाती लागते.

पण तुमचं म्हणणं खरं आहे. साठवून ठेवता येईल असं दुसरं काय? मिरी, जायफळ, पत्री, हळद, खोबरं. ही सगळी वाळवून ठेवता येतात. ही यादी मी आज सकाळी वडिलांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण उठून उरलेली जायफळं बघून आले.


मृ_बेएरिया
४ जून २०२५, रात्री ११:१५

मी कॅलिफोर्नियात राहते. आमची वाडी मुरूड तालुक्यात, राबणारे माझे चुलतभाऊ. नुकसानभरपाईबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. त्यात माझाही दोष आहे.

आमच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं. चौघे वारलेले, सहा जण मुंबई-पुण्यात, दोघी परदेशात. पंचनामा झाला, पण पैसे एका खात्यात जमा करायला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागितली. टाळेबंदीत मुंबईचे लोक येऊ शकत नव्हते. मला कुलमुखत्यारपत्र करायला वकिलातीत जावं लागणार होतं, ती बंद. उघडल्यावर मी "बघू पुढच्या आठवड्यात" करत सहा महिने घालवले. भावाला ते पैसे मिळाले तेव्हा लागवडीचा एक हंगाम वाया गेला होता. त्याने मला एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि तेच जास्त लागतं.

माझ्यासारखे बाहेर राहणारे जे वाचत असतील त्यांना कळकळीने सांगते, वारस नोंदी आणि संमतीपत्रं आत्ता करून ठेवा. राबणाऱ्याच्या नावावर त्याचा हिस्सा वेगळा करून द्या. वादळानंतर हे होत नाही.


निवृत्त_कृषी_सहाय्यक
५ जून २०२५, सकाळी ६:४०

मृताईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. माझी नोकरी याच पंचनाम्यांत गेली. थोडा हिशोब मांडतो.

आधी बागायतीला हेक्टरी १८,००० रुपये मिळत. निसर्गनंतर राज्याने ते ५०,००० केले. ऐकायला बरं वाटतं. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. गुंठ्याला पाचशे रुपये पडले. पोफळवाडी, तुमच्या अठरा गुंठ्यांना नऊ हजार. पडलेल्या ४२९ पोफळींना भागा, झाडामागे एकवीस रुपये. मोडलेलं झाड कापून वाडीबाहेर काढायची मजुरीही त्यात निघत नव्हती. लोकांनी आवाज उठवला तेव्हा झाडागणिक मदत ठरली, पोफळीला ५० आणि माडाला २५०. तीही तुटपुंजीच, पण निदान मोजायचं एकक बरोबर झालं. एका झाडावर मिरी चढलेली, खाली जायफळ, त्याच्याखाली अननस, ही वाडी कागदावरच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. दाट, मिश्र लागवड करणाऱ्याला हेक्टराचा हिशोब मारतो. हे बदलल्याशिवाय "मिश्र पिकं घ्या" हा सल्ला अर्धाच आहे.

आता लागवडीचं.

समुद्राच्या बाजूला वारा अडवणारी झाडं हवीत, पण भिंत नको. भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे आपटतो आणि जास्त मोडतोड करतो. झाडांची ओळ वारा गाळून घेते. अशा ओळीच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. चाळीस फुटी ओळ असेल तर चारशे फूट.

आपण किनाऱ्यावर वर्षानुवर्षं सुरूचा वृक्ष लावला. तो लवकर वाढतो, हिरवा दिसतो, पर्यटकांना आवडतो. निसर्गमध्ये दिवेआगरच्या बाजूला सुरूची बनं किती आडवी झाली ते तुम्ही पाहिलंत. मी त्याला वाईट म्हणत नाही, पण एकट्यावर भरवसा नको. पुढे वाळूवर मर्यादवेल आणि केवडा, त्यामागे उंडी, करंज, भेंड. ही इथलीच झाडं, खारा वारा सोसणारी. उंडी हळू वाढते, पण मजबूत. तिच्या बियांचं तेल दिव्याला वापरत, लाकूड होड्यांना. माझ्या लहानपणी प्रत्येक खाडीकाठाला उंडी होती.

वाडीच्या नैऋत्येला आणि पश्चिमेला सावलीची झाडं ठेवा, म्हणजे पोफळींची खोडं भाजणार नाहीत. दर वर्षी थोडी थोडी रोपं घाला, सगळी वाडी एका वयाची करू नका. वडिलांना सांगा, पोफळी काढायच्या नाहीत, फक्त दोन पोफळींमागे एक जागा दुसऱ्याला द्यायची. ते ऐकतील. जुनी माणसं झाड काढायला नाही म्हणतात, लावायला कधी नाही म्हणत नाहीत.


गुहागरकर_ठाणे
५ जून २०२५, सकाळी ९:३०

ढगवेडी, घंगाळाचं उदाहरण पटलं, धन्यवाद. माझा समज चुकीचा होता.

एक मात्र लिहायचं राहिलं. टाळेबंदीत मी सात महिने गावी राहून ऑफिसचं काम केलं. त्या सात महिन्यांत विहिरीचा गाळ काढला, गडगा दुरुस्त केला, साकवाला हात लावला. वीस वर्षं पडून होतं ते. गावात हात होते म्हणून झालं. मग ऑफिसने परत बोलावलं आणि घराला पुन्हा कुलूप. वाडी टिकवायची म्हणजे झाडांइतकीच माणसंही टिकवावी लागतील, आणि त्याला वीज-इंटरनेटचा भरवसा लागतो. किनाऱ्यावरच्या विजेच्या तारा जमिनीखालून गेल्या तर वादळानंतर महिनाभर अंधार राहणार नाही. ही मागणी आपण सगळ्या गावांनी लावून धरली पाहिजे.


पोफळवाडी
५ जून २०२५, रात्री ८:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गावात पर्यावरण दिनाची रोपं वाटली, गुलमोहराची. गुलमोहर वाऱ्यात पहिला मोडतो, म्हणून मी घेतली नाहीत. सरपंचांना उंडीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, रोपं मिळवून दे, समुद्राकडची शंभर मीटर पट्टी गावकी राखेल.

वडिलांना कृषी सहाय्यक काकांचा प्रतिसाद दोनदा वाचून दाखवला. "दोन पोफळींमागे एक" यावर ते म्हणाले, तीनमागे एक. मी लगेच हो म्हटलं. उद्या आळी खणतोय, जायफळाची सहा.

उंडीच्या बिया कुणाकडे आहेत का? आमच्या खाडीवर एकच झाड उरलंय आणि त्याखाली यंदा फळं दिसली नाहीत.


निवृत्त_कृषी_सहाय्यक
५ जून २०२५, रात्री ९:१२

माझ्या अंगणातल्या झाडाच्या दोनेकशे बिया सुकवून ठेवल्यात. कवच फोडून आतला गर लावा, अखंड बी रुजायला फार वेळ घेते. फोडताना गराला इजा होऊ देऊ नका. पिशवीत माती आणि वाळू निम्मी निम्मी, आणि पहिलं वर्ष अर्धी सावली. खेकडे आणि उंदीर रोपं कुरतडतात, म्हणून दीड-दोन फुटांची झाल्याशिवाय वाळूत नेऊ नका.


वाशिष्ठीकाठ
५ जून २०२५, रात्री ९:४०

त्यातल्या पन्नास मला ठेवा काका. नदीकाठासाठी.